एका डोळ्याचा ट्रॅक्टर

मेडिकलचं शटर खाली ओढायला मला रात्रीचे साडेनऊ होतात आणि सकाळी सातला पुन्हा दुकान. त्यामुळं पळायचं ते रात्री दहालाच. औशातून निलंगा रस्त्यानं तीन किलोमीटर जायचं आणि माघारी यायचं.

दोन वर्षं मी रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात ते पोपटी जाकीट घालून पळालो. छातीवर, पाठीवर रेडियमच्या पट्ट्या. बायको म्हणायची, "अहो, डांबर टाकायला निघाल्यासारखे दिसता." दिसतोय ना, मग झालं, असं माझं म्हणणं.

गेल्या जानेवारीत, ऐन उसाच्या हंगामात, समोरून एक दिवा आला. एक दिवा म्हणजे मोटारसायकल, असा हिशेब करून मी उजव्या कडेनं, तिला पुरेल एवढी जागा सोडून, तसाच पळत राहिलो. गाण्याचा दणदणाट अगदी जवळ आला तेव्हा कळलं, हा ट्रॅक्टर आहे आणि माझ्या बाजूचा दिवा मेलेला आहे. मुंडकं गेलं, पहिली ट्रॉली गेली. दुसरीतून बाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी दंड सोलला आणि मी साइडपट्टीवरून खाली काळ्या मातीत. ड्रायव्हर पुढं थांबवून धावत आला. पोरगंच होतं. "काका, दिसलाच नाहीत की ओ!"

खोटं बोलत नव्हता तो. आपण रेडियम म्हणतो, पण त्या पट्टीत रेडियम नसतं आणि ती स्वतः उजळतही नाही. उजेड जिकडून आला तिकडंच परत पाठवणं, एवढंच तिचं काम. उजेड पडलाच नाही तर ते नुसतं कापड. बैलगाडी, दिवा गेलेली जुनी मोटारसायकल, एका डोळ्याचा ट्रॅक्टर, यांच्यापुढं आपल्या अंगावर आपलाच दिवा पाहिजे.

आधी डोक्याला बांधायची बॅटरी घेतली, रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला जाताना शेतकरी बांधतात तसली. पावसाळ्यात सगळे किडे थेट डोळ्यांत! शिवाय उजेड डोळ्यांच्याच उंचीवरून पडतो, त्यामुळं खड्ड्याची सावली आपल्याला दिसत नाही, रस्ता सपाट वाटतो. आता छातीवर पट्ट्यानं बांधायचा दिवा आहे. उजेड खालून तिरपा पडतो, बारीक खड्ड्यालाही लांब सावली येते. एकदा अशीच एक बारीक सावली हलली. मण्यार होती. ती रस्ता ओलांडेपर्यंत मी निमूट उभा राहिलो. त्या दिवशी दिव्याचे पैसे वसूल.

दिव्याचं तोंड खाली, दहा-बारा पावलांवर ठेवतो. समोरच्याचे डोळे दिपवले तर तो आपल्याच अंगावर यायचा. ताशी साठच्या वेगातली गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर येते, म्हणजे त्याला आपण लांबूनच दिसायला पाहिजे. पाठीमागं कमरेच्या पट्ट्याला सायकलचा लाल लुकलुकणारा दिवा अडकवलाय. पुढं पांढरा, मागं लाल, वाहनासारखंच. जाकीट टाकून दिलं नाही, ते दिव्याच्या जोडीला आहेच. कानात मात्र काही घालत नाही.

अभ्यासिकेतली भरतीची पोरं त्याच वेळेला पळायला येतात. सोळाशे मीटरची तयारी. तिघं तिघं हात पसरून, अंगात काळे टी-शर्ट. मला बघून आधी "इन्व्हर्टर काका" म्हणायची. मी दंडावरचा व्रण दाखवला, तरी हसली. मग एक दिवस जास्तीचा लाल दिवा त्यांच्यातल्या शेवटच्या पोराच्या कमरेला अडकवला आणि म्हटलं, जो मागं राहील त्याच्याकडं हा.

उलटंच झालं. लाल दिवा म्हणजे साहेब! आता मागं राहण्यासाठीच भांडणं लागलीत, आणि सोळाशे मीटरचा टाइम बिघडवला म्हणून त्यांचा सर माझ्यावर नाराज आहे.