तात्पर्य लिहू न देणाऱ्या बाई

आमच्या शाळेत पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास असायचा. वर्गात ख्रिस्ती मुलं निम्मी पण नसतील, बाकी सगळ्या जातीधर्माची, ज्यांच्या घरून परवानगी नसायची ती वाचनालयात जाऊन बसायची, पण बहुतेक जण वर्गातच थांबायचे कारण बाई गोष्ट सांगणार हे माहीत असायचं. मराठीच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असायचं आणि ते पाठ केलं की गोष्ट संपली. बाईंच्या तासाला मात्र वहीत तात्पर्य लिहायला बंदी होती. येशूने दाखला, म्हणजे छोटी बोधकथा, सांगितला आणि पुष्कळदा ऐकणाऱ्यालाच उलट प्रश्न विचारला, मग आपण उत्तर लिहून वही का मिटायची, असं त्या म्हणायच्या. आज चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना मी पण तेच करतो.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो निर्दय चाकराचा दाखला, बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. राजा चाकराचं सगळं कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर जाऊन आपलं देणं न फेडणाऱ्या सोबत्याला तुरुंगात टाकतो. बाईंनी तो चक्क गणितासारखा फळ्यावर घेतला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. राजाचं देणं दहा हजार तालांत, म्हणजे किती दिवसांची मजुरी? सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि तो चाकर पाया पडून काय म्हणतो, तर मला वेळ द्या, मी सगळं फेडीन! अख्खा वर्ग हसला होता. बाईंनी हसू दिलं आणि मग दुसरी रक्कम लिहिली, शंभर दीनार, जे त्या चाकराला त्याच्या सोबत्याकडून यायचे होते. आम्हाला वाटलं किरकोळ असेल, पण बाई म्हणाल्या नीट बघा, तीन-चार महिन्यांची मजुरी आहे, तुमच्या वडिलांचा तीन महिन्यांचा पगार कोणी बुडवला तर चालेल का? कोणीच हसलं नाही. दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान खरं असतं, दुखतं पण, ते काहीच नाही असं येशू म्हणत नाही, फक्त आपल्याला जे माफ झालंय त्याच्या शेजारी ते मांडून बघायला लावतो, आणि तो आकडा सहा लाख पट निघतो. मी नंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली, चांगली होती, पण क्षमेबद्दल इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कोणी समजावलं नाही.

पश्चात्ताप म्हणजे रडणं अशी तेव्हा आमची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर आजही सभांमधून डोळ्यातलं पाणी बघूनच मोजमाप होतं. बाई बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडायच्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक ज्याच्याकडे नाही त्याला दे, जकातदाराला म्हणतो ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको, शिपायाला म्हणतो कोणावर जुलूम करून पैसे काढू नको, पगारात भागव. ज्याच्या हातात जे काम, त्याच कामात बदल दिसला पाहिजे. मी आज पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो आणि हे तीन श्लोक मला रोज लागतात, अगदी शब्दशः.

यरीहो गावचा श्रीमंत जकातदार जक्कय तर आम्हा बुटक्या पोरांचा लाडका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला तो. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट. जक्कय स्वतःहून चौपट म्हणतो, आणि त्याच्याआधी अर्धी मालमत्ता गरिबांना. बाईंचा प्रश्न असायचा, आधी काय झालं? आधी जक्कयने पैसे परत केले आणि मग येशू घरी आला का? तर नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, हे वाक्य आधी आहे. कोणीतरी नाव घेऊन हाक मारली, सगळं गाव कुरकुर करत राहिलं, आणि त्या हाकेनंतर माणसाची तिजोरी उघडली. हा क्रम उलटा करून शिकवणारे आजही खूप आहेत, आधी सुधारा मग देव जवळ करील असं सांगणारे, आणि मला ते ऐकवत नाही.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राचंही तसंच, बापाकडून वाटा घेऊन गेलेला आणि सगळा उडवून बसलेला धाकटा मुलगा तो. परत येताना त्याने वाटेत भाषण तयार केलंय, शेवटचं वाक्य असं की मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर ते शेवटचं वाक्य तो बोलतच नाही, बाप लांबूनच धावत आलेला, गळ्यात पडलेला, आणि चाकरांना उत्तम झगा आणा म्हणून हुकूम पण सुटलेला. आम्हाला हे दोन श्लोक बाईंनी शेजारी शेजारी वाचायला लावले आणि काय राहिलं ते शोधा म्हणाल्या. शोधणारा मुलगा ख्रिस्ती नव्हता, त्याच्या घरी मेंढरं होती. त्याच अध्यायातल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यासारखं शंभरातलं एक हरवलं तर रात्रभर फिरावं लागतं हेही त्यानेच आम्हाला सांगितलेलं, ते तर आम्हाला पुस्तकातून कधीच कळलं नसतं.

आणि मोठा भाऊ? धाकट्यासाठी मेजवानी चालली म्हणून तो रागावून अंगणात उभा, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही. त्या अध्यायाच्या सुरुवातीला परूशी आणि शास्त्री, म्हणजे यहुद्यांचे धर्मपुढारी, कुरकुर करतायत की हा येशू पापी लोकांबरोबर जेवतो, म्हणजे उत्तर त्यांनी द्यायचं होतं. आम्ही मात्र पूर्ण तास भांडलो, गेला, नाही गेला. माझं मत तेव्हा होतं की तो गेला नसणार, आजही तेच आहे, कारण तो आपल्या भावाला भाऊ पण म्हणत नाही, हा तुमचा मुलगा म्हणतो.

शिष्यत्वाबद्दल बाई पेत्र आणि यहूदा यांना एकत्र शिकवायच्या, हे मी दुसरीकडे क्वचितच बघितलं. दोघंही येशूचे शिष्य, आणि एकाच रात्री दोघंही पडले: यहूदाने तीस नाण्यांसाठी येशूला पकडून दिलं, पेत्राने मी त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं. यहूदाला वाईट वाटलंच, त्याने तीस नाणी परत नेऊन दिली, मी पाप केलं हे तोंडाने कबूल पण केलं. मग कमी काय पडलं? तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. पेत्र बाकीच्या शिष्यांमध्येच राहिला, आणि येशू मरणातून उठल्यानंतर, गालीलच्या सरोवरावर किनाऱ्यावर प्रभू आहे म्हटल्यावर त्याने पाण्यात उडी टाकली. तिथे त्याला त्या रात्रीचा जाब विचारला गेला नाही. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा प्रश्न झाला, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि तिन्ही वेळा पुढे काम दिलं, माझी मेंढरे चार. काम मिळालं की शिष्य व्हायला सुरुवात होते, असं बाईंचं म्हणणं. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हा लूक चौदामधला दाखला त्या ह्याच्या लगेच नंतर घ्यायच्या, कारण हाक फुकट असली तरी चालणं महाग पडतं.

नगरच्या शाळेत हे सगळं शिकताना एक नाव येणारच. मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, बरीच वर्षं ह्याच शहरात राहिलेले. त्यांनी अभंगातून, कीर्तनातून येशू सांगितला आणि शेवटी १९१७ साली साताऱ्याला देवाचा दरबार नावाची येशूच्या शिष्यांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य असावेत ही त्यांची इच्छा. दोन वर्षांत ते गेले, त्यामुळे काम वाढलं नाही. पण माझ्या वर्गातला तो मेंढरंवाला मित्र, जो आजही देवळात जातो आणि आजही लूक पंधरा तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्याच्याकडे बघितलं की टिळकांना काय म्हणायचं होतं ते मला कळतं.

आता शाळेकडे एक विनंती. ऐकलंय की दहावीच्या जादा तासांसाठी शास्त्राचा तास कमी करायचा विचार चालू आहे. कृपा करून तसं करू नका. मुलांना वाद घालायला मिळणारा तो एकच तास होता. बाईंच्या वेळचा पॅलेस्टाईनचा नकाशा, ज्यावर त्या यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट बोटाने दाखवायच्या, तो आता पार फाटलाय. नवीन नकाशा आणि वर्गाला पुरतील एवढ्या नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूबद्दलच्या भागाच्या, प्रती मी देतो, ऑफिसात तसं पत्र दिलेलं आहे.