तांबटांचं चर्च आणि भिंतीतलं लाकूड

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या ‘पनागिया हाल्केऑन’ या चर्चच्या नावाचा अर्थ तांबटांची मेरीमाता. शेजारी तांब्याच्या भांड्यांची दुकानं आजही आहेत. माझं बालपण पुण्याच्या तांबट आळीलगत गेलेलं, त्यामुळे मी आत शिरायच्या आधीच रमले.

सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात सरली, म्हणून माझी नजर आधी भिंतीवर जाते. हे चर्च सगळं विटांचं. विटांच्या मधला चुना मात्र विटेपेक्षा जाड दिसतो. कारण एक थर बाहेर, पुढचा थोडा आत आणि चुन्याखाली झाकलेला. ही कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) गवंड्यांची अकराव्या-बाराव्या शतकातली आवडती रीत. आत चार खांबांवर मधला घुमट, चारी बाजूंना क्रुसाच्या भुजा. एवढ्यावरून ‘अकरावं शतक’ म्हणता येतं, त्याहून नेमकं नाही. नेमकं साल पश्चिमेच्या दारावरच्या संगमरवरी पट्टीवर कोरलंय: सृष्टीच्या उत्पत्तीपासून ६५३७, महिना सप्टेंबर. शकात ७८ मिळवायची आपली सवय. इथे सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९ वजा करायचे, एरवी ५५०८, कारण त्यांचं वर्षच सप्टेंबरात सुरू व्हायचं. उत्तर १०२८. बांधणारा ख्रिस्तोफर, दक्षिण इटलीतला बायझंटाइन सुभेदार; सोबत बायको मारिया आणि तीन मुलांची नावं. मी ती नावं दोनदा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी त्याच शहरातलं होली अपोस्टल्स चर्च. पाच घुमट, उंच आणि सडपातळ. पूर्वेच्या भिंतीवर विटांची नागमोडी नक्षी, जणू पैठणीचा काठ. हे रूप चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. दारावर पॅट्रिआर्क, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू, निफॉन याचं नाव आहे, आणि तो पदावर होता १३१० ते १३१४. रूप आणि लेख जुळले, म्हणून वर्षानुवर्षं तेच साल धरलं गेलं. मग भिंतींत चिणलेल्या लाकडाची, वर्षाला एक अशी वाढणारी, वर्तुळं मोजली गेली आणि झाडं १३२९ च्या सुमारास तोडलेली निघाली. तोवर निफॉनला पद सोडून पंधरा वर्षं झाली होती! मग त्याचं नाव तिथे कसं? यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मला या पंधरा वर्षांनी फार आनंद दिला. घुमटाच्या उंचीवरून अर्धशतक सांगता येतं, आणि तेही थोडं नाही; पण झाड तोडल्याचं साल ते लाकूडच सांगू शकतं. निघताना मी पूर्वेच्या भिंतीपाशी परत गेले आणि उजेड होता तोवर ती नक्षी वहीत उतरवून घेतली.