कोंग्सवोलला उतरेल

बुधवार, रात्री

लेकीने पाठवलेला आराखडा आज तिसऱ्यांदा वाचला. तो अतिशय मन लावून केलेला आहे आणि त्यात नाव ठेवण्याजोगे काहीही नाही. नॉर्वेतल्या डोव्हरेच्या पठारावरचा जुना राजमार्ग येर्किनपासून कोंग्सवोलपर्यंत एका दिवसात आणि एकाच दिशेने चालायचा. दोन्ही टोकांना रेल्वेचे स्थानक असल्यामुळे आल्या वाटेने परतावे लागत नाही. ट्रॉनहाइमहून सकाळची गाडी, संध्याकाळी परतीची गाडी, प्रत्येकाच्या पाठीवर काय असावे याची यादी, सगळे त्यात आहे. आणि माझ्या नावापुढे लिहिले आहे: ‘आई कोंग्सवोलला उतरेल, बाग पाहील, विश्रांती घेईल.’

ट्रॉनहाइमहून निघालेल्या गाडीला कोंग्सवोल आधी लागते आणि येर्किन नंतर. म्हणजे मी फलाटावर उतरायचे आणि माझी सगळी माणसे त्याच गाडीने पुढे जायची.

बाग चांगलीच असणार. डोव्हरेवरच्या पर्वतीय वनस्पतींची ती बाग प्रसिद्ध आहे, आणि शेजारची जुनी धर्मशाळाही जपून ठेवलेली आहे. मला बागेचे वावडे नाही. मला कोणी विचारले नाही, एवढेच आहे. हे ‘एवढेच’ लिहून मन शांत होईल असे वाटले होते, पण झालेले नाही.

वाटेचा अभ्यास मी महिनाभर करते आहे. येर्किन हे डोव्हरे रेल्वेवरचे सर्वांत उंच स्थानक, १,०१७ मीटरवर. तिथून वाट येर्किनहॉएच्या उघड्या माथ्यावर चढते, बाराशे मीटरच्या वर जाते आणि मग द्रिवा नदीच्या खोऱ्यात कोंग्सवोलकडे उतरते. खरा चढ सुरुवातीलाच आहे. ओस्लोहून निदारोसच्या, म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमच्या, कॅथेड्रलकडे जाणारे यात्रेकरू याच वाटेने याच दिशेने जात. १०३० साली स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडलेल्या आणि पुढे संत मानल्या गेलेल्या ओलाव राजाच्या समाधीच्या ओढीने लोक शतकानुशतके हे पठार ओलांडत आले. बाराव्या शतकाच्या आरंभी ऑयस्टाइन राजाने इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले, कारण थंडीवाऱ्यात माणसे वाटेतच मरत. पुढे सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर यात्रा थांबली. १९९७ साली खुणा लावून ही वाट पुन्हा यात्रेकरूंसाठी खुली झाली.

त्या निवाऱ्यांचा विचार काल रात्री बराच वेळ चालला होता. राजाने निवारे बांधले ते थकलेल्यांसाठी, म्हणजे थकणारी माणसे वाटेवर होतीच. त्यांना आधीच कुणी खाली ठेवून घेतले नव्हते. दिवे घाटात पालखीच्या मागे चालताना माझ्या पुढे काठी टेकीत एक आजी होत्या आणि त्यांना वय विचारायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. तेव्हा हेही माझ्या सोबत होते. ते असो.

लेकीची बाजू मला दिसत नाही असे नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचे जे झाले ते तिने इतक्या लांबून, फोनवर सोसले. आणि डोव्हरे म्हणजे काही बागेतला फेरफटका नव्हे. जून महिन्यातही तिथे बर्फ शिल्लक असते, म्हणून तिने ऑगस्ट निवडला. माथ्यावर एकही झाड नाही, वारा अडत नाही. शिवाय या भागात कस्तुरी बैल मोकळे फिरतात. ग्रीनलंडहून आणून इथे वसवलेले हे प्राणी एरवी शांत असतात, पण त्यांच्यापासून किमान २०० मीटर दूर राहावे लागते, आणि ते वाटेवरच बसलेले असले तर लांबून वळसा घ्यावा लागतो. असा वळसा खडकाळ उतारावरून घ्यायची वेळ आली तर माझे कसे होईल, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला असणार. मला विचारला असता तर मीही त्याचा नीट विचार केला असता.

पुन्हा तिथेच आले.

नॉर्वेच्या लोकांचे डोंगरात वागण्याचे नऊ नियम आहेत. तिथल्या मुलांना ते लहानपणापासून माहीत असतात, आणि नातवाने मला ते मागेच म्हणून दाखवले होते. सहल आपल्या कुवतीप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे बेतावी, असा एक नियम. वेळीच परत फिरावे, परत फिरण्यात लाज नाही, हा आठवा. आज दुपारी ते पुन्हा वाचताना पहिल्यांदा लेकीचा राग निवळला, कारण कुवत पाहून बेत करणे हेच तर तिने केले आहे. पण परत फिरण्यात लाज नसेल, तर निघण्यातही नसावी. परत फिरायला आधी निघावे लागते.

संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन बसले तेव्हा मन बरेच हलके झाले. चढ सुरुवातीलाच आहे ही अडचण नसून सोय आहे. गुडघा काय म्हणतो ते पहिल्या तासाभरातच कळेल, आणि तोवर येर्किन पाठीशी जवळच असेल. मी सर्वांबरोबर येर्किनला उतरेन. चढाच्या मध्यावर आम्ही थांबू, आणि तिथे लेकीने मला विचारायचे. मी जमते म्हटले तर पुढे जायचे. नाही म्हटले तर जावई मला येर्किनपर्यंत सोडतील. ते झपाझप चालणारे आहेत, बाकीच्यांना गाठतील. मी तिथल्या धर्मशाळेत बसेन आणि संध्याकाळी ट्रॉनहाइमची गाडी पकडेन. ती येर्किनहूनच कोंग्सवोलला जाते, त्यामुळे माझी माणसे चालून येऊन तिथे चढतील तेव्हा मी आत असेनच. कोंग्सवोल लहान स्थानक आहे, तिथे ती गाडी नक्की थांबते का ते मात्र तिकिटे काढण्याआधी लेकीने पाहून घ्यायला हवे.

एवढे सगळे पत्रात लिहून काढले आहे. पहिल्या ओळीत ‘मला विचारायला हवे होतेस’ असे लिहिले होते, ते खोडले, आणि थोड्या वेळाने पुन्हा लिहिले. ते राहू देणार आहे. उद्या सकाळी पाठवेन आणि दुपारी बुटांच्या दुकानात जाईन. ह्यांच्या वेळचा दुकानदार अजून तिथेच आहे म्हणतात.