माया ठेवून शिवलेलं : टेंबलाईखालच्या आमच्या दुकानाची वाटचाल

कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची १०९ मराठा बटालियन, खाली हायस्कूल, आणि दोन्हींच्या मधल्या रस्त्याला आमचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाईक पहिल्यापासून दोन प्रकारचं. एक म्हणजे आठवी ते दहावीचा पोरगा, ज्याची उंची दर महिन्याला सरकते. दुसरा टेरिटोरियलचा जवान, जो कॅम्प लागला की उचगाव, गडहिंग्लज, शिरोळकडून येतो आणि एरवी उसात नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत असतो. त्याची कंबर सरकते. दोघांनाही एकच गोष्ट लागते, टिपेत ठेवलेली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. आमचा सगळा धंदा त्या दीड इंचावर उभा राहिला आणि ती माया नको म्हणणाऱ्यांमुळेच बुडायला आला होता.

सुरुवात दोन पायमशिन, सात बाय चार फुटांचं कटिंग टेबल आणि एक भागीदार अशी झाली. भागीदार म्हणजे मास्तर, पलटणीत दर्जी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. येताना त्यांनी बारा इंची लोखंडी कात्री आणली, ती आजही टेबलावर आहे. तिने कागद कापायचा नाही, अस्तरसुद्धा नाही, फक्त ड्रिल आणि खाकी. जड कात्रीचा फायदा असा की खालचं पातं टेबलाला टेकून चालतं, कापड उचललं जात नाही आणि दोन थर एकाच मापाचे निघतात. हलक्या कात्रीने वरचा थर सूतभर मोठा येतो आणि तेवढ्यानं पँटचा एक पाय धुतल्यावर पिळतो. धार लावणाऱ्याला फक्त बाहेरची बाजू घासू द्यायची. आतली बाजू घासली की पाती एकमेकांना भेटत नाहीत, मग कात्री भंगारात.

मास्तरांनी शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे पँटचा पट्टा दोन तुकड्यांत घ्यायचा आणि मागे मधोमध जोडायचा. बाजारातल्या तयार पँटचा पट्टा सहसा एकसंध असतो. कंबर सोडायची तर तो अख्खा उसवावा लागतो आणि परत लावताना लुपांची जागा चुकते. जोडाचा पट्टा असला की मागची एकच टीप उसवायची, आसनापर्यंत, म्हणजे बुडाखाली टिपा भेटतात तिथपर्यंत, खाली यायचं, दोन्हीकडची माया सोडायची आणि पुन्हा टीप मारायची. पंधरा मिनिटांचं काम. जोडावर मधला लूप बसतो, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. मागे प्रत्येक बाजूला दीड इंच ठेवली तर कंबर दोन इंच निवांत सुटते. त्यापुढे सोडू नये, मागचे खिसे फाकतात आणि बाजूच्या टिपेकडे सरकतात. ते लपत नाही.

पोरांचं माप वेगळं. एन.सी.सी.त पोरगा आठवीत येतो आणि तिथल्या पहिल्या, ए सर्टिफिकेटला दोन वर्षं लागतात, म्हणजे तोच गणवेश दोन वर्षं अंगावर राहायला हवा. त्या वयात वर्षाला सहा-आठ सेंटीमीटर उंची सहज वाढते. म्हणून पायाची दुमड तीन इंचांची ठेवायची आणि आत कच्च्या टाक्याने धरायची, मशीनची टीप मारायची नाही. शर्टच्या बाहीला कफच्या वर आतून पाऊण इंचाची चुण घ्यायची. छातीला चार इंच सैल ठेवायचं. माप घेताना पोराला बूट घालून उभं करायचं आणि पट्टा जिथे रोज बांधतो तिथेच बांधायला लावायचा. पोरं माप देताना पोट आत ओढतात. त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची, श्वास सोडला की टेप वाचायची.

आसनाला कंजुषी करू नये. 'तेज चल'मध्ये मिनिटाला १२० पावलं पडतात आणि कदमतालाला, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकताना, गुडघा वर येतो, सगळा ताण चार टिपा जिथे भेटतात त्या आसनाच्या चौकावर येतो. तिथे दुहेरी टीप, इंचाला अकरा टाके, पॉलिस्टर दोरा, सोळा नंबरची सुई. आठ टाक्यांवर शिवलं तर टीप उघडते. सोळा टाके घातले तर टीप टिकते, पण भोकांच्या ओळीवर कापडच फाटतं, आणि मग तुरपाईनेही भागत नाही.

कापड इचलकरंजीचं, घाऊक खरेदी गांधीनगरात. ५८ इंच पन्ह्यात, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या कापडात, आठवीच्या पोराची पँट एक मीटर दहा सेंटीमीटरमध्ये बसते. दोन वेगळ्या मापांच्या पँटी उलटसुलट मांडल्या तर वीतभर कापड वाचतं, मात्र उभं सूत सोडायचं नाही. ताका, म्हणजे कापडाची गुंडाळी, बदलला की रंगाची छटा बदलते. दुकानाच्या दिव्यात कळत नाही, मैदानात उन्हात कळतं. म्हणून एका तुकडीचं सगळं काम एकाच लॉटमधून कापायचं आणि एका पँटचा पुढचा-मागचा भाग कधीही दोन ताक्यांतून घ्यायचा नाही. कॉलरच्या बकरमवर, म्हणजे आत चिकटवायच्या कडक कापडावर, इस्त्री घासायची नाही. ठेवायची, दाबायची, बारा-पंधरा सेकंद मोजायची, उचलायची. घासली की गोंद सरकतो आणि दोन धुण्यांत कॉलरवर फुगे येतात.

अशी बरीच वर्षं चांगली गेली. दोनाच्या सहा मशिन झाल्या, त्यातल्या दोन जुकी कंपनीच्या, आणि कापडाची कड बांधणारी एक ओव्हरलॉक.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हायस्कूलची जूनची मापं घेऊन झाली होती आणि निम्मा माल कापून, काही शिवून तयार होता. शहरात आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला नियमित उघडले. मधल्या दीड वर्षात कापडाचं बिल थकलं, दोन कारागीर गावी गेले ते परत आलेच नाहीत. आणि शाळा उघडली तेव्हा आठवीसाठी शिवलेल्या पँटी दहावीला टेकलेल्या पोरांच्या घोट्याच्या वर राहत होत्या.

तो माल वाचला तो फक्त तीन इंचांच्या दुमडीमुळे. दुमड उघडली, खाली आतून पट्टी लावली म्हणजे तिन्ही इंच मोकळे झाले. जुन्या घडीची रेघ मात्र राहते. तिच्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं फडकं ठेवायचं आणि वाफ निघेपर्यंत इस्त्री दाबायची, दोनदा. वापरलेल्या पँटला हा उपाय पुरत नाही, कारण घडीआतलं कापड उन्हाने उतरलेलं नसतं. आमचा माल कपाटातच होता, म्हणून रंग जुळला.

त्याच हंगामात शाळेत दुसरं माणूस शिरलं. नाव घेणार नाही. शर्ट, पँट, बेल्ट, मोजे एका पिशवीत, मापं चार, २८ ते ३४, पैसे शाळेच्या काउंटरवर. शाळेतल्या ज्यांनी होकार दिला त्यांनी आमचा नमुना बघितलासुद्धा नाही. इतक्या वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता, तरी साधी विचारणा नाही. ही गोष्ट अजून बोचते आणि बोचत राहील. पिशवीतल्या पँटला दुमड पाऊण इंच, मागे माया शून्य, आसनाला एकेरी टीप. पहिल्या पावसाळ्याच्या आत त्या उसवायला लागल्या आणि दुरुस्तीला आल्या आमच्याकडेच. दुरुस्त काय करणार? सोडायला कापडच नव्हतं. आसनात त्रिकोणी ठिगळ घालून द्यायचो, तेही पिशवीतल्या बेल्टच्या पैशापेक्षा कमी घेऊन. तीन हंगाम शाळेचं एक नवं मापही आमच्या वहीत चढलं नाही.

टेकडीवरचं कामही तेव्हाच आटलं. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला लष्कराने नवा कॉम्बॅट गणवेश दाखवला, ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिस्टरचा. त्याच्या नक्षीची नोंदणी झाली आणि ते कापड खुल्या बाजारात विकायचं नाही असं ठरलं. हे योग्यच आहे, चुकीच्या माणसाच्या अंगावर ती नक्षी जाऊ नये. पण दुकानाला फटका बसला तो बसलाच. नव्या पँटच्या कंबरेला इलॅस्टिक आणि बटणं असतात, जवान स्वतःच सैल करतो. जाकीट बाहेर सोडायचं असल्याने पोटाशी बसवण्याचं कामही उरलं नाही. त्याच वर्षी लष्कराने निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या शिक्षकांकडून दर्ज्यांसाठी, अगदी बाहेरच्यासुद्धा, प्रशिक्षण सुरू केलं होतं. शिवणाऱ्या पोरांनी अशी संधी दिसली की दोन दिवसांचा रोज बुडवून जावं. आणि कुणी दारात येऊन तशा नक्षीचा ताका स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नये. एका ताक्यापायी दुकानाचं नाव जातं.

या काळात एक गिऱ्हाईक हललं नाही, ते म्हणजे हायस्कूलचे एन.सी.सी.चे सर. शाळेचा करार त्यांच्या हातात नव्हता, पण त्यांनी स्वतःचा खाकी गणवेश दुसरीकडे टाकला नाही. ट्रायलला आले की आरशात बघत नाहीत. सावधानमध्ये उभे राहतात, मग उकिडवे बसतात, उठतात, आणि पँटची क्रीज गुडघ्याच्या बरोबर मधून जाते का ते बघायला लावतात. क्रीज बाहेर झुकली तर कापताना सूत तिरकं गेलं असा अर्थ, पँट परत. त्यांची दोनदा परत आलेली आहे आणि दोन्ही वेळा ते बरोबर होते. २०२२ पासून कॅडेटच्या गणवेशाचे पैसे थेट त्याच्या खात्यावर देण्याचं ठरलं, तेव्हा सरांनी आठवीच्या तुकडीला एवढंच सांगितलं की पँट कुठेही शिवा, मागची टीप उलटी करून माया मोजून घ्या. पोरं टेप घेऊन दुकानं फिरली आणि आमच्याकडे आली. मग त्यांच्या आया शाळेचा गणवेशही घेऊन आल्या, धाकट्यांचाही.

पालकांना एक सांगणं. नवं सुती कापड आणलं की रात्रभर भिजवून सावलीत वाळवून मगच शिवायला द्या. गणवेश पहिल्यांदा धुताना गरम पाणी नको, खाकी उतरते. खळ घालायची तर फक्त परेडच्या आदल्या दिवशी. रोजच्या खळीने कापड घडीवर मोडतं. आणि १४ जूनला दारात येऊन 'उद्या शाळा आहे, भाऊ' म्हणू नका.

मास्तर आता डोळ्यांमुळे मशीनवर बसत नाहीत, पण कापलेला प्रत्येक गठ्ठा त्यांच्या हाताखालून जातो. अंगठ्याने माया चाचपतात, कमी वाटली तर गठ्ठा बाजूला काढतात. शाळेशी नवा करार नाही, आम्ही मागितलेलाही नाही. यंदाची मापं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून, संध्याकाळी पाच ते आठ. एन.सी.सी.ची पोरं भरतीनंतर लगेच. नवरात्रात ललित पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला येते, रस्ता माणसांनी भरतो, त्या दिवशी ट्रायल ठेवलेली नाही. येताना बूट घालून यायचं आणि गेल्या वर्षीची पँट सोबत आणायची. दुमडीत अजून इंच शिल्लक असेल तर नवी शिवणार नाही.