आमची वाटचाल: नोटबुकं, मार्कडाउन आणि एक अडकलेलं बिल

२०१८ मध्ये ज्युपिटेक्स्ट हे ज्युपिटर नोटबुकं साध्या मजकुराच्या फाइलीत नेणारं-आणणारं साधन आलं आणि त्याच्या जोरावर सदाशिव पेठेतल्या एका माडीवर मी आणि मेव्हण्यानं दुकान मांडलं. संस्थांची नोटबुकं (कोड, मजकूर आणि उत्तरं एकत्र ठेवणाऱ्या फाइली) मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, न्यायची, संपादन झालं की पुन्हा नोटबुक करून द्यायची. कोड आणि मजकूर कोणीही नेतो-आणतो. सेलला, म्हणजे नोटबुकातल्या एकेका खणाला, चिकटलेला मेटाडेटा (टॅग, गुण, कुलपं) जसाच्या तसा परत आणायचे आम्ही पैसे घेतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूरच्या संख्याशास्त्राच्या मॅडम. त्यांच्या नोटबुकात एका सेलवर पॅरामीटर्स हा टॅग असतो. तो गळला तर पेपरमिल (नोटबुक नव्या मूल्यांनी चालवणारं साधन) नवी मूल्यं पार वर नेऊन टाकतं, खालची जुनी मूल्यं त्यांच्यावर बसतात, आणि चुकीचं उत्तर बिनबोभाट बाहेर पडतं. फाइल मिळाली की मॅडम आधी तीन बॅकटिकची (` या खुणेची) ती ओळ शोधतात: पायथन, टॅग्ज, चौकटी कंसात पॅरामीटर्स. मग फोन. "आहे हो, आहे."

मग तो निम्म्या दरवाला आला. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ठाऊक आहे. एका मोठ्या संस्थेचं आमचं अर्धं झालेलं काम त्यानं उचललं आणि एनबीकन्व्हर्ट या नोटबुक दुसऱ्या रूपात काढणाऱ्या साधनानं मार्कडाउन काढून दिलं. एनबीकन्व्हर्टला मी नावं ठेवत नाही, पण ती एकेरी वाट आहे; सेलचा मेटाडेटा तिथं उतरतच नाही. पुन्हा नोटबुका बांधल्या तेव्हा एनबीग्रेडर या नोटबुकं तपासून गुण देणाऱ्या साधनाचे गुण, ग्रेड आयडी (त्या त्या सेलची ओळख), सगळं साफ. परीक्षा तोंडावर, आणि खापर आमच्यावर, कारण पहिला भाग आमचा! बिल अडकलं, भाडं थकलं, मेव्हण्यानं नोकरी धरली. आमच्या फाइली ओळ न ओळ उघडून दाखवल्या, संस्थेच्या साहेबांनी मान डोलावली, बिल मात्र अर्धंच पास केलं. बाकीचं आजही येणं आहे. मॅडमनी त्याच महिन्यात न मागता वर्षाचे पैसे आगाऊ पाठवले.

पुढची वर्षं बरी गेली.

नव्या मुलांना सांगतो: ज्युपिटेक्स्टच्या मार्कडाउनमध्ये आउटपुट (कोडची उत्तरं) नसतात, तेव्हा जोडीची मूळ नोटबुक उडवू नका. पॅनडॉक (एका रूपातली फाइल दुसऱ्या रूपात नेणारं साधन) वापरत असाल तर आउटपुटला 'ऑल', म्हणजे सगळी रूपं ठेव, असं सांगा, नाहीतर ते आपल्या मर्जीनं 'बेस्ट', म्हणजे त्याला बरं वाटेल ते एकच, निवडतं. फाइल सुबक दिसावी म्हणून मेटाडेटा गाळू नका. आणि माल देण्याआधी नोटबुक एकदा मार्कडाउनला पाठवून परत आणून बघा. ज्युपिटेक्स्टमध्ये त्यासाठी 'टेस्ट' हा पर्याय आहेच. फुकट आहे, तरी निम्म्या दरवाल्यांना परवडत नाही.