लातुरात अनंत फुलवताना

आमच्या भागात अनंत लावला की सगळ्यात आधी ऐकायला मिळतं ते ‘पाणी जास्त होतंय’. पान पिवळं दिसलं तरी पाणी जास्त, कळी गळली तरी पाणी जास्त. एक अख्खा उन्हाळा मी हे ऐकत काढला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मापात काहीच बिघडलेलं नव्हतं, दुखणं त्या पाण्यातच होतं.

रोप मिळवणं, कुंडी भरणं यात काही अडलं नाही. माझं माहेर देवरुखचं. तिथल्या जांभ्याच्या मातीत अनंत डोक्याच्या वर वाढतो, पावसाच्या तोंडावर पांढराशुभ्र होतो आणि त्याला कुणी कधी खत घातल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे लातुरात गच्ची मिळाल्यावर पहिलं झाड हेच आणलं. पावसाळाभर ते उत्तम वाढलं.

हिवाळा संपला, पावसाचा ओलावा ओसरला आणि झाड पूर्णपणे बोअरच्या पाण्यावर आलं. मग शेंड्याकडची नवी पानं पिवळी निघायला लागली. पूर्ण पिवळी नव्हेत. पानाचा मधला भाग पिवळा आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी बारीक हिरव्या पेनाने जाळी काढावी तशा. खालची जुनी पानं मात्र धड होती. नर्सरीत फांदी दाखवली, तर तिच्याकडे नीट न बघताच ‘पाणी कमी करा’. कमी केलं, तर भरलेल्या कळ्या देठासकट गळाल्या. पुन्हा गेले, तर ‘शेणखत घाला’. त्यानंतर ‘एप्सम सॉल्ट घाला’, म्हणजे मॅग्नेशियमचं खत. आणि शेवटी, ‘ताई, अनंत इथं येत नाही, मोगरा लावा.’ आपल्याच दुकानात विकलेलं झाड इथं येत नाही, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचं! मला ते फार लागलं.

उत्तर मिळालं ते बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात, बियाण्यांच्या पोत्यांमध्ये उभं राहून. काउंटरवरच्या काकांनी फांदी हातात घेतली, उलटसुलट केली आणि एकच प्रश्न विचारला, “नवी पानं पिवळी का जुनी?” मी म्हटलं, नवी. “मग लोह. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ना, तेच हे. पाणी बोअरचं असणार.”

हा प्रश्न प्रत्येक अनंतवाल्याने पाठ करावा. झाडात लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही, म्हणून कमतरता शेंड्याला दिसते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. आमच्या बोअरच्या पाण्यात इतका क्षार की नळाच्या तोंडावर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. हे पाणी रोज घालत राहिलं की माती अल्कधर्मी होते. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. शेणखताच्या कितीही घमेल्यांनी हे सुटत नाही.

काकांनी हिराकस, म्हणजे लोहाचं क्षार (फेरस सल्फेट), दिलं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, लगेच कालवून लगेच फवारायचं. सायट्रिक आम्ल न घालता बोअरच्या पाण्यात कालवलं तर पाणी बघता बघता गंजासारखं तांबूस होतं आणि निकामी ठरतं. फवारणी ऊन उतरल्यावर, आधी दोन-चार पानांवर करून बघावी. फरशीवर थेंब पडू देऊ नका, डाग निघत नाहीत. काही दिवसांनी पिवळ्या पानांवर जिथं जिथं थेंब बसले होते, तिथं तिथं हिरवे ठिपके उमटले. ते बघून मी गच्चीवरच सगळ्यांना हाका मारल्या. निदान बरोबर होतं, याचा पुरावा त्या पानांवरच होता!

पण फवारणी तात्पुरती. मातीसाठी चिलेटेड लोह घ्या, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं, मुळांना मिळत राहणारं लोह; आणि घेताना पाकिटावर त्या रसायनाचं नाव ‘ईडीडीएचए’ आहे का ते वाचा. दुकानात बहुधा ‘ईडीटीए’ पुढे करतात. ते आमच्यासारख्या अल्कधर्मी मातीत टिकत नाही. ईडीडीएचए महाग आहे, पण लागतं थोडं. पाण्यात त्याचा गडद लाल रंग उतरतो, त्याला घाबरू नका.

खरा फरक पडला पाणी बदलल्यावर. आता पावसाचं पाणी पिंपात साठवते आणि ते फक्त अनंतालाच देते. ते संपलं की एसीच्या नळीतून ठिबकणारं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार अजून जास्त. कुणाकडे एक्झोरा असेल तर त्यालाही हाच त्रास होतो, दोघं एकाच कुळातली. उपायही हेच.

कळ्यांचंही लिहायचं राहिलं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा हलवू नका आणि माती एकदम कोरडी पडू देऊ नका. सकाळचं ऊन, दुपारी सावली. छाटणी बहर संपल्याबरोबर करा. हिवाळ्यात केली तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

यंदा मे महिन्यात झाड भरून आलं. फूल पहिल्या दिवशी पांढरं, मग सायीच्या रंगाचं होत जातं आणि वास संध्याकाळी जिन्यापर्यंत येतो. फुलांनी भरलेली एक फांदी मी त्या काकांना नेऊन दिली. त्यांनी ती काउंटरवर फवारणीच्या बाटल्यांशेजारी ठेवली आणि त्यातूनच एक काडी कलमासाठी मागून घेतली.