बांगड्याचे कोरे पट्टे

मालवणात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, दशावताराच्या जाहिराती हे नेहमीचं काम. एका शिक्षिका त्यांच्या वडिलांनी शाईने काढलेली माशांची चित्रं घेऊन आल्या. वडील चित्रकलेचे शिक्षक होते, आता हयात नाहीत. शाळेसाठी रंगीत तक्ता हवा होता. "दादा, रेघ बाबांचीच राहूदे हां," एवढंच त्यांचं मागणं.

ते फोटोशॉपमध्ये जमतं. चित्र ६०० डीपीआयला स्कॅन केलं, लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा काढला, रेघांचा लेयर सगळ्यात वर ठेवून 'मल्टिप्लाय' केला. मग पांढरा भाग पारदर्शक होतो, काळी रेघ जशीच्या तशी राहते. रंग भरायचे ते खालच्या लेयरवर. सिलेक्शन एक-दोन पिक्सेल वाढवून रेघेखाली सरकवायचं, नाहीतर कडेला पांढरी किनार दिसते.

पापलेट, सुरमई झाली. बांगड्याशी थांबलो. बांगड्याच्या पाठीवर लांबट काळपट पट्टे असतात, बाजारात रोज बघतो. सरांनी ते भरलेच नव्हते. दोन बारीक रेघा आणि मध्ये कोरा कागद. छातीच्या पराखालचा ठिपका मात्र गच्च काळा. काम अर्धवट राहिलं म्हणावं, तर डोळा आणि कल्ल्याची कड केवढ्या निगुतीने काढलेली! पट्ट्यांत काळा ओतायला माझा हात होईना.

सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती; जाळ्यात बांगडे फडफडत होते. एका म्हाताऱ्या रापणकराने एक उचलून उन्हाकडे धरला. "बेगीन बघ, रंग जातलो आता." पाठ निळी-हिरवी, आणि तिच्यावरचे पट्टे चक्क सोनेरी! ठिपका तेवढा काळा. मी फोटो काढला. थोड्या वेळाने त्याच माशाचे पट्टे काळवंडले होते.

नेटवर शोधलेले बहुतेक फोटो बाजारातल्या, बर्फातल्या माशांचे होते. सरांनी जिवंत मासा काढला होता. हाताशी फक्त काळी शाई, म्हणून जे काळं नाही ते त्यांनी कोरं सोडलं. एवढा प्रामाणिक हात मी आजवर पाहिला नव्हता.

दुकानात येऊन पट्ट्यांत गेरूकडे झुकणारा पिवळा भरला, वर क्लिपिंग मास्क लावून, म्हणजे रंग पट्ट्यांबाहेर जाणार नाही असं बांधून, उजळ छटा दिली. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, केल्यावर पाठीचा निळा-हिरवा मंदावतो, म्हणून मोठ्या छपाईआधी रंगीत प्रूफ काढून घेतलं. ठिपक्याला हात लावला नाही.

प्रूफ बघून बाई म्हणाल्या, "बाबा पहाटे रापणीवर जायचे आणि मासळी न घेताच परत यायचे. आई काय चिडायची!" त्यांच्याकडे खेकड्यांच्या चित्रांची आणखी एक वही आहे. ती घेऊन या म्हटलंय, पण रंग भरण्याआधी खेकडे कुठे जिवंत बघायला मिळतील ते आधी विचारून ठेवलंय.